घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करताना माईकचं सेटिंग

मंडळाच्या ओवी-संग्रहासाठी आम्ही इंदूरमधल्याच एका आजींकडे गेलो होतो. त्यांच्या ओव्यांत मालवी शब्द असे मिसळलेले, की तशा ओव्या आम्हाला दुसरीकडे ऐकायला मिळाल्या नव्हत्या. सुरुवातीला आवाज बारीक येतोय म्हणून आम्ही गेन वाढवला. दोन ओव्या झाल्या, आजी रंगल्या, गळा खुलला. घरी येऊन ऐकतो तर वरच्या प्रत्येक सुरावर फाटका आवाज. आजी आता गात नाहीत.

म्हणून आधी गेनबद्दल. माईकमधून येणारा क्षीण आवाज रेकॉर्ड होण्याआधी किती मोठा करायचा, ते गेन ठरवतो. मीटरवरची शून्य डेसिबल ही शेवटची मर्यादा. तिच्यापुढे गेलेल्या लहरीचा माथा कापला जातो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने जसाच्या तसा परत येत नाही. तेव्हा गेन लावताना "हॅलो, चेक" म्हणू नका. गाणाऱ्याला तारसप्तकातली, सगळ्यात जोराची ओळ म्हणायला सांगा आणि तेव्हा काटा उणे १२ च्या आसपास राहील असं बघा. रंगात आल्यावर आवाज आणखी वाढतोच, त्याला तेवढी जागा हवी. ऐकायला बारीक वाटेल, वाटू द्या. २४ बिटमध्ये रेकॉर्ड केलं असेल तर नंतर आवाज बिनधास्त वाढवता येतो.

माईक तोंडापासून साधारण एक वीत, किंचित तिरपा. फार जवळ आणलात तर खर्ज उगाच फुगतो आणि 'प', 'फ', 'भ'वर फुंकर बसते. कार्डिऑइड माईक समोरचं नीट ऐकतो, पाठीमागचं फार कमी. त्यामुळे तानपुऱ्याचं अ‍ॅप माईकच्या पाठीशी ठेवा, किंवा सरळ हेडफोनवर ऐका. माईकची पुढची बाजू कुठली हे मात्र तपासा. काही माईकांत टोकाला नाही, कुशीवर गायचं असतं. आम्हीही एकदा चुकलो आहोत!

कंडेन्सर माईक इंटरफेसला जोडून आवाजच येत नसेल तर आधी ४८ व्होल्टचं बटण बघा. यूएसबी माईकला ते लागत नाही.

लो-कट नावाचं बटण पंख्याची, रस्त्याची घरघर कमी करतं. ते बहुधा ८० हर्ट्झच्या आसपास लागू होतं. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा मंद्र षड्ज सुमारे ११७ हर्ट्झ, म्हणजे काही बिघडत नाही. पण काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र षड्ज ६९ च्या आसपास येतो. खर्जात रमणारे गायक असतील तर बटण बंद ठेवा आणि पंखाही.

फोनवरच करणार असाल तर फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये घ्या आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असेल तर ती बंद करा. नाहीतर दोन ओव्यांच्या मधल्या शांततेत फोन आवाज वाढवतो आणि मागची सगळी गल्ली ऐकू येते. इकोचा मोह नको. तो नंतर घालता येतो, एकदा रेकॉर्ड झालेला काढता येत नाही.

सगळं लावून झालं की एक मिनिट रेकॉर्ड करा आणि तिथेच, गाणारी व्यक्ती समोर असतानाच, हेडफोन लावून ऐका.