काटा शून्यावर, गाडी साठावर!

दोस्तांनो, गाडी भरधाव निघालीय आणि स्पीडोमीटरचा काटा मात्र शून्यावर ढिम्म! असं कधी पाहिलंय? जुन्या गाडीत बहुधा केबल तुटलेली असते. गिअरबॉक्सपासून काट्यापर्यंत ही लवचीक तार गरगर फिरते. तिच्या टोकाला लोहचुंबक आणि त्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी. आता गंमत बघा. अ‍ॅल्युमिनियम काही चुंबकाला चिकटत नाही. पण चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला आवरते. जितका वेग, तितका काटा पुढे! ओटो शुल्झे या जर्मन इंजिनिअरनं १९०२ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. (नव्या गाड्यांत तारेऐवजी सेन्सर असतो.)

‘‘अंदाजानं चालवू की!’’ असं मोठी माणसं म्हणतात. पण डोळे फसवतात. हायवेवर तासभर ऐंशीनं गेल्यावर गावात पन्नासचा वेगही गोगलगायीचा वाटतो. आणि वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. समोर नुकतीच शाळा सुटली असेल तर?

गॅरेज येईपर्यंत तुम्ही मदत करा. वेग एकसारखा ठेवायला सांगा. एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोजा आणि ३६०० ला त्या आकड्यानं भागा. ९० सेकंद म्हणजे ताशी ४० किलोमीटर. ७२ सेकंद लागले तर? करा बघू तोंडी! मात्र घड्याळ बघायचं ते शेजारच्यानं, चालवणाऱ्यानं नव्हे.

आणि हो, केबल तुटली की किलोमीटरचा आकडाही तिथंच थांबतो. जुनी गाडी घेताना बाबांना तो जरा निरखून बघायला सांगा!