‘टॉर्टिया सूप’ : जेवणाच्या टेबलावरचा कायदा

‘टॉर्टिया सूप’ हा २००१चा विनोदी चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो निव्वळ भुकेल्या डोळ्यांनी. लॉस एंजेलिसमधल्या मार्टिन नारान्होच्या मेक्सिकन-अमेरिकन घरी रविवारचे जेवण म्हणजे जवळजवळ धर्मकृत्यच. बाप विधुर, पेशाने शेफ. तीन मोठ्या मुली. ताटात एकाहून एक पदार्थ असतात, आणि नेमके तेव्हाच कुणीतरी म्हणते, ‘मला काही सांगायचे आहे.’ मग घास हातातच राहतो.

दुसऱ्यांदा पाहताना माझे लक्ष बापाच्या एका कायद्याकडे गेले. टेबलावर इंग्रजी बोला किंवा स्पॅनिश बोला. दोन्हींची खिचडी चालणार नाही. आमच्या घरीही असा कायदा काही दिवस होता. (तो पहिल्यांदा मीच मोडला.)

गंमत अशी, की हा चित्रपट स्वतःच एक खिचडी आहे. कथा आंग ली यांच्या १९९४च्या ‘ईट ड्रिंक मॅन वूमन’वरून घेतलेली, म्हणजे तैपेईतल्या एका चिनी शेफच्या घरातली. दिग्दर्शिका मारिया रिपोल स्पेनच्या. बाप झालेले हेक्टर एलिझोंडो प्युर्टो रिकन कुटुंबातले, थोरली लेटिशिया झालेल्या एलिझाबेथ पेन्या क्युबन आईबापांच्या, तर हॉर्टेन्सिया झालेल्या रॅकेल वेल्च यांचे वडील बोलिव्हियाचे. पडद्यावरचे पदार्थ मेरी स्यू मिलिकेन आणि सूझन फेनिगर या दोन अमेरिकी शेफबाईंचे. मग घर ‘मेक्सिकन’ ठरते ते कशाने? मुख्यतः ताटाने.

ते ताट तरी कुठे सोवळे आहे? मका, टोमॅटो, मिरची ही मेक्सिकोच्या मातीतली; कोथिंबीर, लिंबू, कांदा, चीज आणि कोंबडी स्पॅनिशांमागून आलेली. ज्या सुपाचे नाव चित्रपटाला आहे त्यात ही सारी मंडळी एकाच वाडग्यात नांदतात. टोमॅटो, कांदा, लसूण भाजून, सुक्या मिरचीबरोबर वाटून रस्सा करायचा आणि त्यात शिळ्या टॉर्टियाच्या तळलेल्या पट्ट्या घालायच्या. वृत्ती आपल्या फोडणीच्या पोळीचीच. आणि मिरचीपुरते बोलायचे, तर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली नसती, तर आपल्या वाटणाचाही रंग वेगळा असता.

पण टॉर्टियाची खरी विद्या दाण्यात नाही, चुन्यात आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात. त्याने साल सुटते, पीठ मळल्यावर नीट धरते आणि मक्यात अडकून पडलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला, चुना मात्र मेक्सिकोतच राहिला. पुढे उत्तर इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच पोट भरणारे गरीब पेलाग्राने आजारी पडले, मेले. धान्य समुद्र ओलांडून गेले. ते रांधणाऱ्या बायकांना कुणी काही विचारले नाही.

मार्टिनची चूक मला याच जातीची वाटते. मुलींच्या तोंडी दोन भाषा मिसळू नयेत म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बसतो. मात्र मधल्या कार्मेनच्या हाताला स्वयंपाकाची उपजत जाण आहे, तिला तो त्या वाटेने जाऊ देत नाही. तिने शिकावे, मोठ्या पगाराची नोकरी करावी, चुलीच्या धगीपासून लांब राहावे. यात माया आहेच. कष्टाने वर आलेल्या कुठल्या बापाला पोरीने पुन्हा त्याच कष्टांत पडावे असे वाटेल? लेटिशिया आणि धाकटी मारिबेल यांची प्रेमप्रकरणे हसवतात, बापाच्या दुसऱ्या लग्नाचा घोळ तर फारच रंगतो. पण मला चुटपुट लागली ती कार्मेनची.

कारण मार्टिनची स्वतःची चवच गेलेली आहे. तो सवयीने रांधतो आणि मीठमसाला बरोबर पडला की नाही हे दुसऱ्याच्या जिभेवरून ठरवतो. चव परत येते ती कार्मेनच्या हातचे खाताना. त्या वेळी तो कोणत्या भाषेत बोलतो, याकडे माझे लक्षच गेले नाही.