मुलांपासून किती तासांवर?

रविवारच्या पेपरात एखादं पान तरी प्लॉटच्या जाहिरातींचं असतंच. डोंगराच्या कुशीत, नदीकाठी, पुण्यापासून ‘अवघ्या दीड तासावर’. चित्रात पिकल्या केसांचं एक जोडपं झोपाळ्यावर चहा घेत बसलेलं असतं आणि नातवंडं हिरवळीवर बागडत असतात. हा दीड तास कुठून कुठवर मोजला, ते मात्र जाहिरातवाला सांगत नाही. पहाटे पाचला शहराच्या वेशीवरून निघालं तर दीड तास खरा. शुक्रवारी संध्याकाळी खराडीच्या ऑफिसातून निघालेल्या मुलाला तेवढ्या वेळात कात्रजसुद्धा ओलांडता येईल की नाही, कोण जाणे.

निवृत्तीनंतर लहान गावात जाऊन राहण्याचा विचार आता निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. ठाण्या-डोंबिवलीचा जुना फ्लॅट विकला की तालुक्याच्या गावी ऐसपैस घर येतं आणि वर थोडी रक्कम ठेवीत टाकता येते. मुलाच्या दोन खोल्यांत चार माणसांची गर्दी होते, मूळ गाव दहा तासांवर असतं. त्यामुळे एकत्रही नको आणि फार लांबही नको, अशा मधल्या जागेचा शोध सुरू होतो. इथे बहुतेकजण नकाशा उघडून किलोमीटर मोजू लागतात. मोजायला हव्यात त्या वेगळ्याच गोष्टी.

वाईचं उदाहरण घ्या. पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर, कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, हिवाळ्यात घाटाघाटांवर आळीपाळीने होणारा कृष्णाबाईचा उत्सव. मराठी विश्वकोशाचं काम लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथूनच उभं केलं आणि मे महिन्यातली वसंत व्याख्यानमाला आजही भरते. ‘रिकामा वेळ घालवायचा कसा’ या प्रश्नाला इतकी उत्तरं फार थोड्या गावांकडे असतील. शिवाय भाजी, बँक, औषधाचं दुकान, सगळं पायी फिरून होतं.

अडचण रस्त्याची आहे. वाईला रेल्वे नाही; जवळचं स्टेशन वाठार, म्हणजे तिथून पुन्हा गाडी करणं आलं. पुण्याहून यायचं तर खेड शिवापूरचा टोलनाका, मग खंबाटकी घाट, मग सुरूर फाट्याला वळायचं. आडदिवशी हे सगळं सुरळीत पार पडतं. पण पाचगणी-महाबळेश्वरला जाणारा पसरणीचा घाट वाईतूनच सुरू होतो. मुलाला सुट्टी असते तेव्हा अख्ख्या पुण्याला सुट्टी असते आणि त्यातलं निम्मं पुणं वाईच्याच वाटेला लागलेलं असतं. शनिवार-रविवार, नाताळ, मे महिना: भेटीचे म्हणून जे दिवस धरलेले असतात, नेमके तेच दिवस रस्ता तुंबण्याचे. मग दर पंधरवड्याला येणारा मुलगा महिन्याने येऊ लागतो, पुढे सणावारी. यात त्याची माया आटली असं काही नसतं, घाटात तीन तास क्लच दाबून त्याचा पाय भरून येतो इतकंच.

त्याच्या उलट तळेगाव दाभाडे. गावपण बरंचसं गेलंय, इमारती उठल्यात, झोपाळ्याच्या जाहिरातीत ते शोभणारही नाही. पण पुणे-लोणावळा लोकल इथे थांबते. मुंबईसारखी दर पाच मिनिटांनी गाडी नाही, दुपारी तर चांगलीच वाट पाहावी लागते; तरी आजी-आजोबांना मनात आलं की कुणाला ‘न्यायला ये’ न म्हणता शिवाजीनगर गाठता येतं. अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं असतं, ते असं. मुलं आपल्याकडे कशी येतील एवढंच बघून घर घेतलं जातं, आणि आपण त्यांच्याकडे कसे जाणार हे सत्तरीनंतर लक्षात येतं, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले की.

एसटीच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांची चांगली सोय आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट आणि मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली ती अजून परतलेली नाही, म्हणून लाल परीचं मोल आणखी वाढलं. फक्त तिची पहिली पायरी किती उंच असते, ते गुडघा बदललेल्या माणसाला विचारावं. दांडीला लोंबकळत, मागून कंडक्टरने हात दिल्यावर जी आजी आत चढते, तिला गाडी बदलावी न लागणं हे सवलतीपेक्षा मोठं असतं. एका गाडीत बसून मुलीच्या गावी उतरता येत असेल तर शंभर किलोमीटरही जवळ. दोन ठिकाणी बदलावी लागत असेल तर चाळीसही दूर.

दवाखान्याची चौकशी सगळेच करतात. ‘गावात चांगले डॉक्टर आहेत’ एवढं ऐकलं की समाधान मानतात. पण रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर आणि मध्यरात्री पक्षाघाताचा झटका आल्यावर लागणारा दवाखाना या वेगळ्या गोष्टी. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन झालेला असावा लागतो. म्हणजे विचारायचं हे, की सीटी स्कॅनचं मशीन कुठे आहे आणि रात्री दोन वाजता ते चालवणारा माणूस असतो का. डायलिसिसचंही तसंच. आठवड्यातून बहुधा तीनदा, दर वेळी चारेक तास. ते केंद्र तासाभरावर असेल तर आठवड्याचे तीन दिवस संपले, आणि सोबत जाणाऱ्याचेही.

या कसोटीवर काही न मिरवणारी गावं पुढे येतात. कराडला निवृत्तीसाठी या, अशी रंगीत जाहिरात सहसा दिसत नाही. पण कराडला लागून मलकापुरात कृष्णा हॉस्पिटलसारखं मोठं रुग्णालय आहे, महामार्ग दारात आहे, रेल्वे आहे. मिरज तर दवाखान्यांसाठीच ओळखलं जातं, डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये तिथे रुग्णालय उभारलं तेव्हापासून कर्नाटकातलेही रुग्ण मिरजेची वाट धरत आले. कोकणात चिपळूणजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे. एखाद्या नयनरम्य तलावापेक्षा अशा रुग्णालयाच्या पंचक्रोशीत घर असणं म्हातारपणी जास्त कामाचं, हे ऐकायला रुक्ष वाटलं तरी खरं आहे.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळू शकतं. त्यासाठी वेगळं वय वंदना कार्ड काढावं लागतं. मात्र कार्ड चालतं ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच. तेव्हा घर बघायला जाल त्याच फेरीत जवळच्या दवाखान्याच्या काउंटरवर हा प्रश्न विचारून घ्यावा.

कोकणाचं गणित आणखी वेगळं. मुंबईतल्या चाकरमान्याला ‘रिटायर झालो की गावचं घर’ हेच डोक्यात असतं. पण 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. वाडीत गणपतीला सात घरं उघडतात आणि गौरी-गणपती बोळवले की पाचांना पुन्हा कुलूप. रात्री-अपरात्री हाक मारली तर ओ देणारं घर किती पावलांवर आहे, हे गणपतीतल्या मुक्कामात कळत नाही. मे महिन्यात तर मुळीच नाही, आंबे खायला सगळेच आलेले असतात. तिथे वाडीपेक्षा जवळचं शहर बरं पडतं. लेक पणजीला असेल तर सावंतवाडी चांगली निवड ठरते: अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे आणि जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळही जवळ. दुखणं गंभीर झालं की सिंधुदुर्गातली माणसं तशीही गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाचाच रस्ता धरतात.

नदीकाठच्या घराचा मोह आवरावा, निदान पूररेषा बघितल्याशिवाय तरी. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 असे महापूर पाहिले. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीजवळ उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. नगरपालिकेत निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मिळतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. नकाशा न मिळाल्यास समोरच्या किराणावाल्याला विचारावं. ‘पाणी कुठवर आलं होतं’ म्हटल्यावर तो हात वर करून भिंतीवरची खूण दाखवेल, आणि ती खूण बिल्डरच्या माहितीपत्रकात नसते.

कागदपत्रांत दोन जागी माणसं फसतात. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ‘दोन गुंठे, निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणून जे विकायला काढलेलं असतं ते आधी बिगरशेती झालंय का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. दुसरी जागा जास्त नाजूक. मुलाजवळ राहायला जायचं म्हणून आई-वडील जुनं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. राहतं घर मुलांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क नाममात्र दोनशे रुपये असल्याने हे सोपंही आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 सांगतं, की सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मागता येते. पण ती अट दिसली पाहिजे. ‘पोटच्या पोराकडून लेखी काय घ्यायचं’ म्हणून ती गाळली की पुढे कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

एका प्रश्नावर मात्र घरात सहसा बोलणंच होत नाही. ज्या मुलासाठी गाव निवडलं तोच बंगळुरूला किंवा टोरांटोला गेला तर? आणि दोघांपैकी एक मागे राहिलं तर? या पिढीत गाडी बहुधा नवऱ्यालाच चालवता येते. गावाबाहेर तीन किलोमीटरवर बंगला बांधला आणि उद्या तो नसला, तर तिचं भजनी मंडळ, वाचनालय, वाणी, बँक सगळं रिक्षावाल्याच्या मर्जीवर येतं. म्हणून गावाबाहेरच्या बंगल्यापेक्षा पेठेतला लिफ्टवाला फ्लॅट बरा. बंगल्याला अंगण असतं हे खरं. पण त्या अंगणातली पानं झाडायची कुणी? फ्लॅटचा दरवाजा व्हीलचेअर आत जाईल इतका रुंद असावा, न्हाणीघराला उंबरा नसावा, धरायला दांडी असावी. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांसाठी महारेराने 2024 मध्ये अशाच गोष्टींचे निकष घालून दिले आहेत. साधा फ्लॅट घेणाऱ्यानेही ते वाचून जावं.

आणि लगेच विकत घेण्याची घाई कशाला? शहरातलं घर भाड्याने देऊन, पसंतीच्या गावात अकरा महिन्यांच्या करारावर राहून पाहता येतं. करार मे महिन्यात सुरू केला तर पर्यटकांची गर्दी, जुलैतला अंधार आणि गेलेली वीज, गणपती-दिवाळी आणि त्यानंतरचे भाकड आठवडे, सगळं त्यात बसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आणखी दोन नोंदी ठेवाव्यात: मुलं कोणकोणत्या तारखांना आली, आणि आपण त्यांच्याकडे कोणत्या गाडीने गेलो. घर घ्यायचं की करार वाढवायचा, हे मार्चअखेर ती पानं उलटून ठरवता येतं.