बुरशी पुसाल, पण ओलीचं काय?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की आमच्या दहिवलीत घराघरांत एक कुबट वास सुरू होतो. कपाट उघडलं की येतो, उशीवर डोकं टेकलं की येतो. मग न्हाणीघराच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात, ठेवणीतल्या चपलांवर हिरवट पूड धरते, आणि पलंगामागच्या भिंतीवर करड्या ढगासारखं काहीतरी पसरायला लागतं. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. पाठीशी सह्याद्री, काठाला उल्हास नदी. इथं बुरशी यायचीच, असं म्हणून मंडळी फडकं घेतात, पुसतात आणि आठवड्याने तीच जागा पुन्हा पुसतात. घरांच्या डागडुजीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, आणि बुरशीची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस मला एकच विचारतो: "कुठलं औषध मारू?" मी उलट विचारतो, "पाणी कुठून येतंय?"

बुरशी म्हणजे मळ नव्हे, ती सजीव आहे. तिचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात. तुमच्या घरात आहेत, माझ्याही घरात आहेत. पेनिसिलिनसुद्धा याच गोतावळ्यातलं. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो एका बुरशीच्या जोरावर. तेव्हा सगळ्या बुरशीला शत्रू म्हणू नये. पण भिंतीवर तिला थारा देण्याचंही कारण नाही. तिला तीन गोष्टी लागतात: खाणं, ऊब आणि पाणी. खाणं म्हणजे धूळ, लाकूड, कागद, चामडं, रंगातला डिंक, साबणाचा थर. ते घरातून काढून टाकणं अशक्य. ऊब कोकणात बारमाही. उरलं पाणी. एखादा पृष्ठभाग दोन दिवस ओला राहिला तरी बीजाणूंना तेवढं पुरतं. आपल्या हातात काही असेल तर ते एवढंच.

पण आधी ती बुरशीच आहे ना, हे पाहा. भिंतीच्या पायथ्याशी पांढरी, पिठासारखी, चिमटीत घेतली तर कुरकुरणारी पूड दिसली तर तो बहुधा लोणा असतो. जमिनीतलं पाणी विटांमधून वर चढतं, येताना क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. थोडी पूड पाण्याच्या थेंबात टाका. विरघळली तर लोणा, नाही विरघळली आणि वास कुबट असला तर बुरशी. लोण्यावर बुरशीचं औषध मारणं म्हणजे पैसे भिंतीला लावणं. बाहेरच्या भिंतीवरचं हिरवं, बुळबुळीत ते शेवाळ. त्याचं आणि बुरशीचं कुळ वेगळं, पण दोघांची चाडी एकच: इथं पाणी मुरतंय.

पाणी कुठून येतं हे शोधायची एक सोपी युक्ती सांगतो. पोळ्या गुंडाळायची अॅल्युमिनियमची फॉइल असते ना, तिचा वीतभर चौकोनी तुकडा भिंतीची कोरडी केलेली जागा पाहून चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या अंगाला, थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय: गच्चीची भेग, खिडकीवरचा छज्जा, शेजारच्या न्हाणीघरातली गळकी नळी, नाहीतर पायातून चढणारी ओल. बाहेरच्या बाजूला दव असेल तर दोष भिंतीचा नाही, खोलीतल्या हवेचा. आणि बुरशीची उंचीही बोलते. जमिनीपासून हात-दोन हात असेल तर ओल पायातली. छताच्या कडेला असेल तर गच्चीची. आणि कपाटामागे, पडद्यामागे, कोपऱ्यात असेल तर कोंडलेल्या हवेची.

या कोंडलेल्या हवेबद्दल लोक मला म्हणतात, "आम्ही तर खिडक्या दिवसभर उघड्या ठेवतो." आषाढात धो धो पाऊस चालू असताना बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, ती आत घेऊन भिंत वाळणार कशी? उघडीप मिळाली, ऊन पडलं की दारं-खिडक्या सताड उघडाव्यात आणि पंखे लावावेत. सर धरली की पावसाच्या अंगाच्या बंद कराव्यात. स्वयंपाक करताना आणि अंघोळीनंतर वाफ बाहेर काढणारा पंखा अर्धा तास तरी चालू ठेवावा. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नयेत. कपड्यांतून निघालेलं पाणी हवेत जातं आणि रात्री भिंतीवर बसतं. कपाट आणि भिंत यांच्यात चार बोटं अंतर सोडावं. एवढ्या एका गोष्टीने कपाटामागची बुरशी थांबलेली मी अनेक घरांत पाहिली आहे.

आता काढायची कशी ते. आधी नाक-तोंड झाकणारा मुखपट्टा (२०२० पासून एन-९५ घराघरात आहेच), रबरी हातमोजे आणि जमल्यास चष्मा. पंखा बंद. कोरडी बुरशी झाडूने किंवा ब्रशने घासू नका. बीजाणू घरभर उडतात. जागा आधी ओलसर करून घ्या. दमेकऱ्याने, लहान मुलांनी आणि गरोदर बाईने त्या वेळी खोलीत थांबू नये.

टाइल्स, काच, स्टील, चिनीमाती ही सोपी. साबणाच्या पाण्याने घासायचं, मग लिटरभर पाण्यात पाव कप घरगुती द्रव ब्लीच घालून लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं आणि कोरडं पुसायचं. शेवटची पायरी सगळे विसरतात. ब्लीचची बाटली जुनी झाली की तिचा जोर जातो, तेव्हा तारीख पाहून घ्या.

गिलाव्याच्या भिंतीवर मात्र ब्लीच फसवं आहे. तिथे डाग गोरा होतो, बुरशी मरत नाही. ब्लीचमधला क्लोरीन वरच्यावर राहतो आणि पाणी आत मुरतं. म्हणजे मुळाला आपणच पाणी घातलं. अशा भिंतीचे पोपडे ओले करून खरवडावेत, साबणाच्या पाण्याने कमी ओल्या फडक्याने पुसावं, पूर्ण वाळू द्यावं, आणि मग गरम पाण्यात विरघळवलेला टाकणखार लावून तो न धुता तसाच ठेवावा. टाकणखार बुरशीला पुन्हा उगवू देत नाही. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी जागा मात्र पाहा, तो पोटात जाता कामा नये.

व्हिनेगरचाही उपयोग होतो, पण शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर ते घालू नका. हे दगड चुन्याच्या जातीचे. आम्लाने खातात, चकाकी जाते ती परत येत नाही.

आणि ज्यासाठी खरं तर हे भाषण थांबवून मी दोनदा सांगेन ती गोष्ट: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करू नका. ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड एकत्र करू नका. दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. तो वायूही तितकाच विषारी. न्हाणीघर लहान, दार बंद, आणि "दोन्ही घातलं तर दुप्पट साफ होईल" हा विचार, यातून माणूस गुदमरतो.

लाकडावरची बुरशी साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून, वाळवून, हलका पॉलिश पेपर फिरवावा. प्लायवूड फुगलं असेल तर त्याचा मोह सोडावा. पीओपीचं छत आतपर्यंत काळं झालं असेल तर तेवढा भाग कापून काढावा. कापसाच्या गादीत आत बुरशी गेली असेल तर ती पिंजून घेऊ नका, टाकून द्या. चामड्याला बाहेर नेऊन मऊ ब्रश आणि स्पिरिटचा हलका हात. रेशमी साड्या सावलीत वाऱ्यावर टाकाव्यात आणि मलमलीत गुंडाळाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नको. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, ओल त्या शोषत नाहीत.

ही नुसती दिसण्याची बाब असती तर मी इतकं बोललो नसतो. ओल आणि बुरशीच्या घरांत खोकला, दमा आणि श्वासाचे विकार वाढतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेलला अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा २०२० साली दगावला. घरातल्या बुरशीमुळे जडलेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निष्कर्ष २०२२ साली तिथल्या चौकशीत निघाला, आणि घरमालक संस्थांना बंधनकारक ठरणारा कायदा त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याचे आईवडील तक्रार करत होते. त्यांना रंग मारून घ्या म्हणून सांगितलं गेलं होतं.

याच्या उलट टोकाची भीतीही मी पाहिली. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ आली, तिला "काळी बुरशी" हे नाव पडलं, आणि आमच्याकडे लोक न्हाणीघरातल्या काळ्या डागांना घाबरले. तो आजार वेगळ्या बुरशीचा, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना होणारा. काळेपणा त्यात मेलेल्या पेशींचा असतो. भिंतीचा डाग काळा की हिरवा यावरून धोका ठरत नाही. डाग किती मोठा आणि घरात कोण राहतं, यावरून ठरतो.

जुन्या कौलारू घरांत बुरशी कमी दिसे, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. कौलांच्या फटींतून वारा खेळे, चुलीची ऊब आणि धूर वाशांपर्यंत जाई, पावसाच्या अंगाच्या भिंतीला झापांचा आडोसा बांधत, आणि भिंतीला दरवर्षी चुना. ताजा चुना इतका तीव्र क्षारयुक्त की त्यावर बुरशी जगत नाही, शिवाय त्यातून भिंत श्वास घेते. आज आपण त्याच भिंतीला प्लास्टिक इमल्शन लावतो. आतली ओल कोंडते आणि रंग फुगतो. (चूल परत आणा असं मी म्हणत नाही. त्या धुराने बायकांच्या छातीचं काय झालं तेही मी पाहिलं आहे.) पूर्वी कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवत, त्याची ऊब पुरे. एलईडी तसा तापत नाही, तेव्हा आता ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि भरल्या की बदला.

दहिवलीच्या आसपास आता मुंबईकरांचे बंगले पुष्कळ. जूनमध्ये कुलूप लागतं ते दिवाळीला उघडतं, आणि आत गाद्या, पुस्तकं, कपाटं सगळं हिरवं. अशा घराची चावी ओळखीच्या कुणाकडे द्यावी. उघडीप असेल त्या दिवशी दोन तास दारं उघडून पंखे लावायला सांगावं, कपाटांची दारं किलकिली ठेवावीत, गाद्या भिंतीपासून दूर उभ्या कराव्यात. एसी लावणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: गार खोलीच्या भिंतीची पलीकडची बाजू दमट खोलीत घामेजते, आणि बुरशी तिथे येते.

पुराची ओल वेगळी. २६ जुलै २००५ ला उल्हासने काठावरच्या घरांत शिरून जो चिखल ठेवला, त्यानंतर महिनोन्‌महिने भिंती ओल्या होत्या. चिखल आधी धुऊन काढा, नऊ इंची भिंत वाळायला बराच वेळ द्या. भिजलेली महत्त्वाची कागदपत्रं वाळवायला जागा नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत बुरशी वाढत नाही, आणि नंतर थोडी थोडी काढून वाळवता येतात.

राहता राहिला रंग. आपल्याकडे रंग गणपतीच्या आधी काढतात, म्हणजे वर्षात भिंत सर्वांत ओली असते तेव्हा. गच्ची, पन्हळी आणि भेगा वैशाखात दुरुस्त कराव्यात, आणि रंग दिवाळीनंतर, फॉइल दोन्ही बाजूंनी कोरडी निघाल्यावर. बुरशीरोधक रंगही ओल्या भिंतीवर टिकत नाही. गणपतीसाठी मखरामागची तेवढी भिंत खरवडून, पुसून, चुन्याचा एक हात द्या. चुना मात्र जुन्या ऑइलपेंटवर धरत नाही, आणि लावताना डोळे सांभाळा.