आयोडीनची गोळी कशासाठी?

शेजारच्या तापी जिल्ह्यातील काकरापार अणुवीजकेंद्रात ११ मार्च २०१६ रोजी जड पाण्याची गळती झाली, अणुभट्टी बंद करावी लागली. तेव्हापासून खापरकडचे लोक मला विचारतात, "डॉक्टर, आयोडीन आणून ठेवू का?"

पोटॅशियम आयोडाइडची गोळी गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीनने भरून टाकते. मग किरणोत्सर्गी आयोडीनला तेथे जागा उरत नाही. काम एवढेच. जड पाण्यातील ट्रिटियमवर ती निरुपयोगी! प्रशासनाने सांगितल्याखेरीज घेऊ नये. जखमेवरचे टिंक्चर आयोडीन पिणे तर विषच. कोणी 'किरण उतरवणारा' काढा विकू लागला, तर चाचणी कोठे झाली ते विचारा.

२०१२ साली महालेखापरीक्षकांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला पुरेशी स्वायत्तता नसल्याचे दाखवले होते. मला चिंता त्याची अधिक. गोळी वेळेवर द्यायची, तर गळतीची खरी खबरही वेळेवर मिळायला हवी.