आत्याबाईंचा तपास

खून झाला की आमच्या घरात सगळ्यांना बरं वाटायचं. दचकू नका मैत्रिणींनो, हे खून रेडिओतले! आणि तेही हसवणारे. प्रेत पडायचं, बायका किंचाळायच्या आणि पोलिसांच्या आधी कुणीतरी आगाऊ माणूस तिथं पोचायचा. कधी पेन्शनीतला मास्तर, कधी बायकोच्या धाकातला कारकून. त्याला कुणी तपासाला बोलावलेलं नसायचं, पण नाक खुपसल्याशिवाय राहवायचं नाही. असा माणूस असला की आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मांडी ठोकून बसायच्या.

१९८४ साली लग्न होऊन मी फर्दापूरला आले. अजिंठ्याचा घाट उतरला की लागणारं हे गाव. दिवसा लेण्यांना जाणाऱ्यांची वर्दळ, अंधार पडला की सामसूम. कोनाड्यात चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर होता आणि त्याची मालकी आत्याबाईंकडे होती. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. दुखलं नाही, खुपलं नाही, कडेकडेनं दिसणं कमी होत गेलं, आणि मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, म्हणून घरच्यांनी थांबवून ठेवलं. मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते, काचबिंदूत येत नाही, हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. (तुमच्या घरात कुणाला असेल तर सख्ख्या नात्यातल्यांनी वेळीच डोळे तपासून घ्या. मी आमच्या मुलांच्या मागे लागून तपासून घेतलेत.)

रात्री विविध भारतीवर ‘हवामहल’ लागायचं. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि हवामहलच्या पाव-पाव तासाच्या नाटिकांनी किती घरांच्या रात्री हसवल्या असतील! खरखर फार झाली की ट्रान्झिस्टर खिडकीत नेऊन कोन बदलत बसायचं. ‘इन्स्पेक्टर ईगल’ही असायचं, ईगल थर्मासवाल्यांचं. पण तो पडला पोलीसवाला. आत्याबाईंचं मत असं की, “त्याला पगार भेटतो, त्यानं धरलं तं काय नवल? बिनपगारी माणसानं धरावं.”

रेडिओवरच्या खुनाची एक गंमत असते बघा. तिथं सगळेच आंधळे. दार करकरलं, पावलं वाजली, ग्लासात काही ओतल्याचा आवाज आला, एवढ्यावर सगळं चित्र आपलं आपण काढायचं. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या आणि जाळाचा चरचराट म्हणजे चुरगाळलेला चकचकीत कागद, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही डोळस मंडळी त्या अंधारात धडपडायचो आणि आत्याबाई मात्र सरसर पुढं. “थांब वं पोरी, त्यो मुनीम खोटं बोलून राह्यला. मघा खोकला व्हता, आता न्हाई.” आणि खरंच मुनीमच निघायचा!

१९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ आला. पंकज कपूरचा तो गाजर खाणारा गुप्तहेर आणि त्याची किटी. शेजारी टीव्ही होता, अर्धा वेळ नुसत्या मुंग्या दिसायच्या. एकदा हौसेनं आत्याबाईंनाही घेऊन गेलो. सगळे हसले की त्या विचारायच्या, “काय झालं?” मी कानात सांगेपर्यंत पुढचा हशा. चौथ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. पुन्हा त्या कधी टीव्हीला आल्या नाहीत, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आता जे सांगणार आहे त्यात गुन्हेगार मी आहे. १९८७ साल. आधीचा पाऊस दगा देऊन गेलेला, कपाशी हातची गेलेली. लेण्यांपाशी यांचं स्फटिक आणि रंगीत दगड विकायचं छोटं दुकान होतं, त्याचा माल भरायला पैसा नव्हता. मी माझ्या पाटल्या काढून दिल्या. हे त्या गहाण ठेवून आले. आत्याबाईंना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. त्यांना कशाला काळजी, असं एकमेकांना म्हणालो, पण मनात दोघांच्याही होतं की त्यांना कुठं दिसणार आहे!

दहा-बारा दिवस गेले. एका रात्री हवामहल संपलं, आत्याबाईंनी ट्रान्झिस्टर बंद केला आणि म्हणाल्या, “सगळे बसा हिथं.” अगदी नाटिकेच्या शेवटी बसवतात तसं. हे, मी आणि धाकटे दीर. मला हसू येत होतं.

“हिच्या पाटल्या कुठं हायेत?”

कुणी बोलेना. हे म्हणाले, “पॉलिशला दिल्यात.”

“कोणत्या वारी?”

“सोमवारी.”

“सोमवारी लेणी बंद असती, तू दिवसभर घरीच व्हता. अंगणात खाट इणत व्हता. म्या आवाज ऐकला.” मग माझ्याकडं वळून, “पाटली बांगडीवर वाजती तवा येगळी वाजती. भाकर थापताना रोज ऐकते म्या. धा दिस झाले, नुसती काच वाजून राह्यली. तू बी सांगितलं न्हाई.”

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. “डोळे गेले म्हून म्या घरातून गेले का?” एवढंच म्हणाल्या. दीर उठून बाहेर गेले. मला मात्र कुठं जायला जागा नव्हती.

त्या दिवसापासून दर महिन्याच्या एक तारखेला घराचा हिशेब त्यांना वाचून दाखवायचा असा नियम झाला. दुकानाची उधारी, किराणा, व्याज, सगळं. मधेच त्या थांबवायच्या, “गेल्या मयन्यात गोडं तेल एवढं नव्हतं.” एक पाटली तीन वर्षांनी सुटली. दुसरी सुटलीच नाही. उरलेली मी घालायला लागले तेव्हा, “आली का एक?” म्हणून त्यांनीच आधी विचारलं. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मधल्या काळात रेडिओ मागं पडला. भारनियमनाच्या दिवसांत तेवढा कोनाड्यातून खाली यायचा, कारण सेलवर चालायचा. मग दोन वर्षांपूर्वी पुण्याहून लेक आली आणि तिनं माझ्या मोबाइलवर बीबीसीची नाटकं लावून दिली. त्यात मला चार्ल्स पॅरिस भेटला. सायमन ब्रेट या लेखकाच्या कादंबऱ्यांतला हा नट, पहिली कादंबरी १९७५ सालची. ब्रेट स्वतः बीबीसी रेडिओवर निर्माता होता, त्यामुळं त्याला नटांची दुनिया आतून ठाऊक. चार्ल्सला काम नसतं, असलं तर भिकार असतं, बाटली सुटत नाही, वेगळी राहणारी बायको फ्रान्सिस त्याला घरात घेईल का याचा भरवसा नाही. आणि जिथं नाटक मिळेल तिथं खून! बिल नाय या नटानं त्याला असा काही आळसावलेला, ओशाळलेला आवाज दिलाय की खुन्यापेक्षा याचीच काळजी वाटते. तो हुशारीनं फारसं काही शोधत नाही, धडपडत उत्तरावर जाऊन आदळतो. इंग्रजी उच्चार सगळे कळत नाहीत, म्हणून मी एकेक भाग दोनदा ऐकते. दुसऱ्या वेळेला विनोद कळतात.

साहेबाच्या देशात खून आणि रेडिओचं नातं जुनंच. अगाथा ख्रिस्तीचं ‘माउसट्रॅप’ १९५२ पासून लंडनच्या रंगभूमीवर आहे ना, ते मुळात १९४७ साली राणी मेरीच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त लिहिलेली छोटी श्रुतिका होती. वाढदिवसाला खून! आपल्याकडं आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’नं घरोघरी हसवलं. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी. मला नेहमी वाटतं, त्या टेकाडे भावजींच्या हाती एखादा खून लागायला हवा होता. मीनावहिनींनी पोहे करता करता खुनी ओळखला असता.

परवा रात्री कानात यंत्र घालून भाकऱ्या थापत होते. चार्ल्स कुठल्याशा अंधाऱ्या विंगेत अडकलेला, मागून पावलं वाजतायत. हे खाटेवरून ओरडले, “कोण मेलं आज?”

“दिग्दर्शक.”

“कोणी मारला?”

“अजून दोन भाग आहेत,” मी म्हटलं आणि तवा उतरवला. पुढचा संवाद मागं घेऊन पुन्हा ऐकला. मघाशी खोकणारा तो मॅनेजर आता अजिबात खोकत नव्हता.