ही चटणी दोघांनी खायची!

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की घरात कुजबुज सुरू होते. सुनेला उपासतापास सांगितले जातात. कुणी काढा आणून देते, कुणी गंडा. मुलाला मात्र कुणी काही विचारत नाही. वास्तविक मूल न होण्याचे कारण कधी स्त्रीमध्ये असते, कधी पुरुषामध्ये, तर कधी दोघांमध्येही. म्हणून आजची चटणी पतिपत्नी दोघांनी खायची आहे.

एक वाटी काबुली चणे रात्रभर भिजवावेत आणि सकाळी ताज्या पाण्यात कुकरला मऊ शिजवावेत. दोन मुठी पालक स्वच्छ धुऊन दोन मिनिटे वाफवावा. दोन चमचे तीळ कोरडेच भाजून त्यांची पूड करावी. मग हे सारे दोन लसूणपाकळ्या, थोडे जिरे व बेताचे मीठ घालून मिक्सरमधून बारीक वाटावे. वाटताना चणे शिजवलेलेच पाणी लागेल तेवढे वापरावे. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस आणि चमचाभर तेल घालावे. गाजर, काकडी, मुळा यांच्या लांब फोडी करून त्या या घट्ट चटणीत बुडवून खाव्यात. भाकरीबरोबरही ती छान लागते.

चणे आणि पालक यांत फोलेट हे जीवनसत्त्व असते. ते पाण्यात उतरते, म्हणून चणे शिजवलेले पाणी फेकू नये. तिळातून कॅल्शियम, जस्त आणि लोह मिळते. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे हे लोह अंगी लागण्यास मदत होते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर मात्र हा फायदा कमी होतो. चहा तासाभराने घ्यावा.

फोलेटचे महत्त्व गर्भ राहण्याआधीपासूनच असते. बाळाच्या मेंदूचा व मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर पहिल्या 28 दिवसांतच घातला जातो. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याची कल्पनाही नसते. त्यामुळे मूल हवे असे ठरवताच स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करावी. चटणी ही या गोळीची जागा घेऊ शकत नाही. मधुमेह असेल, फिटची औषधे चालू असतील किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल, तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आता पुरुषांविषयी. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे आज सोडलेली तंबाखू, विडी आणि दारू यांचा लाभ दिसायला दोन-तीन महिने जावे लागतात. तेव्हा उद्यापासून नको, आजपासूनच!

वाचकहो, कोणताही एक पदार्थ खाऊन हमखास दिवस जातात असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतर, डॉक्टरांना भेटावे. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढेही थांबू नये. पुरुषाची वीर्यतपासणी साधी असते, तिच्यात कमीपणा कसला? दवाखान्यात दोघांनी मिळून जावे आणि घरी आल्यावर जेवायलाही एकत्रच बसावे.